डोलकाठी रस्त्याने न्यायची आहे: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूरच्या आमच्या शेडमध्ये मुख्य काम फॅब्रिकेशनचं. शिडाच्या बोटींचा नाद नंतर लागला. त्यापायी ट्रेलरचे सांगाडे बनवले, डोलकाठ्या मुंबईहून आणल्या, परत पोचवल्या, आणि तेच तेच प्रश्न फोनवर इतक्यांदा ऐकले की एकदाचं लिहून काढलं.

नाशिकला समुद्र कुठाय? इथे डोलकाठ्यांचं काय काम?

गंगापूर धरणाचं पाणी आहे, तिथे बोट क्लब आहे, आणि शिडाच्या बोटी ठेवणारे मोजके हौशी लोक आहेत. शिवाय दुरुस्तीची कामं मुंबईहून इकडे येतात, कारण अ‍ॅल्युमिनियमचं काम करणारे हात अंबड-सातपूरला सापडतात. आणि मुंबईची बोट भोपाळच्या मोठ्या तलावावर न्यायची म्हटली तर आग्रा रोडने नाशिकवरूनच जावं लागतं.

पण मग थंडीतच ही धावपळ का?

युरोप-अमेरिकेत हिवाळा म्हणजे बोटी बाहेर काढायच्या, डोलकाठ्या उतरवायच्या आणि सगळं झाकून ठेवायचं. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ पाहून लोक विचारतात की डोलकाठीत साचलेलं पाणी गोठून ती फुटेल का, रस्त्यावरच्या मिठाने गंजेल का. आपल्याकडे पाणी गोठत नाही आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर कोणी मीठ टाकत नाही. आपला हिवाळा हा बोटी चालवायचा हंगाम. पावसाळा संपला की मुंबईच्या बंदरात शिडं दिसू लागतात, ती मे महिन्यापर्यंत. म्हणून वाहतूकही याच दिवसांत. थंडी डोलकाठीचं फारसं बिघडवत नाही. पहाटेचं दव, धुकं आणि रस्त्यावरची गर्दी मात्र बिघडवू शकते.

डोलकाठी किती लांब असते? कोणती गाडी सांगायची?

सगळ्यात आधी मोजा. कंपनीच्या कागदावरची लांबी नको, टेप लावून मोजा, वरच्या टोकाचे लोखंडी तुकडे धरून. फोनवर "वीसेक फूट असेल" सांगणाऱ्यांची डोलकाठी हमखास साडेबावीस निघते.

मुलांच्या ऑप्टिमिस्ट बोटीची काठी अडीच मीटरच्या आत असते, ती पिकअपमध्ये आरामात बसते. लेझर, म्हणजे हल्लीची आयएलसीए, तिची डोलकाठी दोन तुकड्यांत सुटते आणि लांब तुकडाही चार मीटरच्या आतच असतो. तो गाडीच्या टपावर चांगल्या कॅरिअरने जातो. खरी पंचाईत पुढे सुरू होते. ४२० नावाच्या बोटीची डोलकाठी सुमारे सव्वासहा मीटर, ४७०ची पावणेसात मीटर, हॉबी १६ ची आठ मीटर. किल, म्हणजे बुडाखाली वजनदार पाती, असलेल्या छोट्या बोटींची नऊ मीटर आणि त्याहून पुढे.

ट्रान्सपोर्टवाले फुटांत बोलतात, म्हणून फुटांत सांगतो. सव्वासहा मीटर म्हणजे साडेवीस फूट. त्याला बावीस फुटी गाडी सांगा. वीस फुटीच मिळाली तर एक युक्ती आहे. हौदा सात फूट रुंद असेल तर कोपऱ्यातून कोपऱ्यात सव्वाएकवीस फूट जागा मिळते, त्यात ती तिरकी बसते. मात्र मग गाडीत दुसरा माल भरता येत नाही आणि मालक पूर्ण गाडीचं भाडं लावतो. ४७०ला चोवीस फुटी हवी. हॉबीची डोलकाठी साडेसव्वीस फुटांची, तिला सरळ बत्तीस फुटी कंटेनर बघा. अंबडहून मुंबईकडे अर्ध्या भरलेल्या बत्तीस फुटी गाड्या जात असतात, त्यात एका बाजूला डोलकाठी सरकवून पार्ट लोडच्या भाड्यात काम होतं. मला विचाराल तर लांब काठीला स्वतःचा ट्रेलर ओढण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा. आतला माल मात्र आधी बघून घ्या. एकदा आमच्या डोलकाठीशेजारी रंगाचे डबे होते आणि घोटीपर्यंत माझं सगळं लक्ष त्या डब्यांच्या झाकणांवर होतं.

मागून तीन-चार फूट बाहेर राहिली तर? लाल फडकं बांधलं की झालं ना?

नाही. ही समजूत जुन्या काळातली आहे. बाहेर डोकावणाऱ्या सळयांमुळे मागून आदळून माणसं मरायची, म्हणून गाडीच्या मागे माल बाहेर काढण्याची जी सवलत होती ती २०१४ मध्ये काढून टाकली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार ठरलेल्या मापाबाहेर पुढे, मागे, बाजूला किंवा वर माल आला तर वीस हजार रुपये दंड, शिवाय माल उतरवायचा खर्च आपल्याच अंगावर. न तुटणारा, न सुटणारा माल खरोखरच मापाबाहेर असेल तर ओडीसीची, म्हणजे मापाबाहेरच्या मालाची, परवानगी काढावी लागते. पन्नास किलोच्या काठीसाठी तो खटाटोप करण्यापेक्षा पाच फूट जास्त लांब गाडी स्वस्त पडते.

आणि दंड बाजूला ठेवला तरी, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यासमोर डोलकाठीचं टोक म्हणजे एक ठिपका. सकाळच्या धुक्यात तोही दिसत नाही.

स्वतःचा ट्रेलर आहे. त्याला पासिंग लागतं का?

लागतं. ट्रेलरची नोंदणी वेगळी, त्याचा नंबर वेगळा. तो नंबर ट्रेलरच्या बाजूवर आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. गावठी वेल्डिंगचा, बिनकागदाचा ट्रेलर धरणापर्यंत कदाचित जाईल, पण कसाऱ्यापलीकडे नेऊ नका. मी स्वतः ट्रेलर बनवून पोट भरणारा माणूस आहे, तरी हे सांगतो.

पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरची आणखी एक खोड. चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी जातं, पावसाळाभर तो उभा राहतो आणि आतून गंजतो. निघण्याआधी हब उघडून ग्रीस बदला. वीसेक किलोमीटर गेल्यावर थांबून हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका.

टेकू किती आणि कुठे द्यायचे?

हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारायला हवा, म्हणून मीच घातला.

डोलकाठी जड नसते. दोन माणसं तिला सहज उचलतात, आणि त्यामुळेच फसतात. तिचा त्रास वजनाचा नाही, लांबीचा आहे. पहिल्या खेपेला मी दोन्ही टोकांखाली जुन्या गाद्या घातल्या, पट्टे आवळले आणि मध्ये काहीच ठेवलं नाही. दिसायला फार छान दिसत होतं. प्रत्येक गतिरोधकावर मधला भाग वर-खाली झुलत होता, ते मला केबिनमधून दिसत नव्हतं. शेडवर आल्यावर शिडाच्या खाचेलगत, म्हणजे शिडाची कड जिच्यात सरकते तिच्या बाजूने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणली, तर मध्ये करंगळी जाईल एवढी फट. स्प्रेडर, म्हणजे डोलकाठीच्या आधाराच्या वायरी बाजूला ताणून धरणारा आडवा दांडा, बसतो तिथे, रिव्हेटच्या भोकातून केसाएवढी चीर निघाली होती. धातू झुलून थकतो, आणि भोकाशी आधी थकतो.

तेव्हापासूनचा आमचा हिशेब असा. दोनच टेकू देता येत असतील तर ते टोकांना नको. दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्याहून किंचित आत द्या. नऊ मीटरच्या काठीला ते दोन्हीकडून दोन मीटरवर येतात. तिथे मधला झोल आणि टोकांचा झोल जवळपास सारखे होतात आणि एकूण वाक सगळ्यात कमी राहतो. तीन टेकू मिळाले तर उत्तम, पण तिन्ही एका पातळीत हवेत. मधला टेकू अर्धा इंच वर राहिला तर काठी त्यावर तराजूसारखी डोलते आणि सगळा मार एकाच जागी बसतो. दोरी ताणून पातळी बघा, नजरेवर विसंबू नका.

दुसरं, डोलकाठीचा छेद गोल नसतो, लांबट असतो. ती कोणत्या अंगावर झोपवायची? लांब बाजू उभी राहील अशी, म्हणजे शिडाची खाच वर किंवा खाली. गतिरोधकाचे धक्के उभे बसतात आणि त्या दिशेने काठी जास्त ताठ असते. आम्ही खाच खाली ठेवतो, आत पाणी आणि धूळ साचत नाही.

आणि टेकू कधीही स्प्रेडरच्या किंवा कुठल्याही भोकाच्या खाली येऊ देऊ नका. सरळ, कोऱ्या नळीवर द्या.

वायरी आणि स्प्रेडर तसेच राहू दिले तर चालतील?

स्प्रेडर काढा. दोन पिना आणि दोन स्क्रू, पाच मिनिटांचं काम. वाऱ्याची दिशा दाखवणारा वरचा काटाही काढा, तो गाडीत पहिल्यांदा मोडतो आणि महाग असतो. प्रत्येक पिन त्याच्याच भोकात परत घालून टेप मारा. "डब्यात ठेवली होती" हे वाक्य मी धरणावर फार वेळा ऐकलंय.

वायरी सुटल्या राहिल्या तर रस्ताभर डोलकाठीवर आपटतात आणि ठिपक्या-ठिपक्यांनी खरवडतात. त्यांना गुंडाळू नका, घडी पडली की ती वायर गेली. काठीच्या लांबीने सरळ पसरवा आणि दर हातभर अंतरावर बांधा. याला नाशिकमध्ये फुकटचा उपाय आहे. द्राक्षबागेतली जुनी ठिबकची नळी आणा, लांबीत चिरा आणि वायरीवर चढवा. सोळा मिलिमीटरची नळी अगदी बेताची बसते. कांद्याचं बारदान मात्र गुंडाळू नका. ते दव पितं, आत माती असते, आणि ओली माती कसाऱ्यापर्यंत पॉलिश पेपरचं काम करते.

बांधायची कशाने?

पॉलिस्टरच्या रॅचेट पट्ट्यांनी. नायलॉनची दोरी भिजली की लांबते. जानेवारीच्या पहाटे सातपूरला उघड्यावर ठेवलेल्या गाडीचा पत्रा दवाने चिंब असतो. तेव्हा आवळलेली दोरी इगतपुरीला सैल सापडते आणि माणूस म्हणतो, मी तर कचकचून बांधली होती.

पट्टा टेकूच्या बरोबर वर यावा. दोन टेकूंच्या मध्ये पट्टा आवळणं म्हणजे काठी आपल्या हाताने वाकवणं. पट्टा आणि काठी यांच्यामध्ये फोमची पट्टी किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. रॅचेटचा शेवटचा दात मारण्याचा मोह आवरा, पातळ नळीला चपटा खड्डा पडतो.

एवढं करूनही एक धोका राहतो तो पुढे-मागे सरकण्याचा. ओल्या अ‍ॅल्युमिनियमवर आडवे पट्टे धरून राहत नाहीत. घाटात जोरात ब्रेक लागला की काठी भाल्यासारखी केबिनकडे येते. म्हणून केबिनकडे असलेल्या बुडाच्या पुढे एक आडवी फळी पक्की हवी, आणि बुडाच्या फिटिंगमधून मागच्या बाजूला एक पट्टा.

थंडी-उन्हाने धातू आखडतो-पसरतो, त्याचा त्रास होतो का?

होतो, पण भीती वाटते तेवढा नाही. पहाटे आठ अंश आणि दुपारी भिवंडीला तेहेतीस, असा पंचवीस अंशांचा फरक धरा. नऊ मीटरची अ‍ॅल्युमिनियमची काठी तेवढ्यात पाच मिलिमीटर वाढते. तिच्याखालचा लोखंडी सांगाडा त्याच्या निम्माच वाढतो. म्हणून दोन्ही टोकं फळ्यांमध्ये ठोकून बसवू नका, वरचं टोक मोकळं ठेवा. पट्टे सैल होण्याचं खरं कारण फोम दबणं हे असतं. पहिल्या वीस किलोमीटरनंतर एकदा आणि चहाला थांबल्यावर पुन्हा, असे दोनदा आवळा.

टायरची हवाही बघा. तापमान दहा अंशांनी उतरलं की कारच्या टायरमधली हवा साधारण दीड-दोन पीएसआयने कमी दाखवते. दुपारी भरलेली हवा पहाटे तपासा.

पहाटे चारला निघावं का? रस्ता मोकळा असतो.

मोकळा असतो, पण दिसत नाही. जानेवारीत इथे उजाडायलाच सात वाजतात. निफाडकडून येत असाल तर विचारूच नका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो, आणि ज्या दिवशी तो पाच-सहावर असतो त्या दिवशी गोदाकाठच्या रस्त्यांवर धुकं बसलेलं असू शकतं. त्यात उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर.

आम्ही आठ-साडेआठला निघतो. दव सुकलेलं असतं, पट्टे कोरडे असतात. अंधार पडायच्या आत, म्हणजे सहापूर्वी पोचता येईल एवढंच अंतर एका दिवसात धरतो. मुंबईत जड गाड्यांना वेळेची बंधनं असतात, ती त्या दिवसापुरती विचारून घ्या, नाहीतर ठाण्याच्या अलीकडे तीन तास उभं राहावं लागेल.

कसारा घाट की समृद्धी?

जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमने हा शेवटचा टप्पा सुरू झाला. जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे आणि घाटाची वळणं टळतात. लांब गाडीला मी तोच रस्ता सांगतो. तिथे माल एक इंचही हौद्याबाहेर नको.

घाटानेच जायचं असेल तर शेपूट लक्षात ठेवा. मागच्या चाकांच्या मागे जेवढी लांबी असते ती वळणावर उलट्या बाजूला फिरते. तुम्ही डावीकडे वळता तेव्हा ट्रेलरचा मागचा भाग उजवीकडे झुकतो, नेमका ओव्हरटेक करणाऱ्याच्या अंगावर. घाटात चाळीसच्या वर जाऊ नका आणि उतारावर गिअर खाली ठेवा.

टोलवर अडवतात का?

अडवत नाहीत, विचारतात. "हायमास्ट आहे का?" हा घोटीचा ठरलेला प्रश्न. आम्ही आता हो म्हणतो. एकदा खरं सांगितलं, बोटीची डोलकाठी आहे म्हणून, तर तिथल्या मुलाने नाशिकला बोट कशाला इथपासून सुरुवात केली आणि मागे हॉर्न वाजायला लागले.

कागद मात्र चोख ठेवा. खरेदीचं बिल, दुरुस्तीला जात असेल तर डिलिव्हरी चलन. जीएसटी नोंदणीवाल्यांना राज्यात एक लाखाच्या आणि राज्याबाहेर पन्नास हजारांच्या वर ई-वे बिल लागतं. भोपाळला जाणाऱ्यांनी हे आधी करून ठेवावं.

विमा?

गाडीच्या विम्यात माल येत नाही. मालाचा वेगळा ट्रान्झिट विमा घ्यावा लागतो, आणि तो मरीन इन्शुरन्स या सदरात मोडतो. जहाजाच्या डोलकाठीला कसारा घाटात मरीन विमा, याचं मला अजून हसू येतं.

कोणते दिवस टाळावेत?

पौष वद्य एकादशीच्या आसपास त्र्यंबकरस्ता टाळा. निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या पायी येतात, रस्त्याच्या कडेने माणसं आणि पताका असतात. तिथून लांब गाडी घुसवणं हे चालकाच्या आणि वारकऱ्यांच्या दोघांच्याही जिवावरचं काम. धरणाकडे गंगापूर रोडने, सोमेश्वरवरून जा.

संक्रांतीचे दोन-तीन दिवस, विशेषतः येवल्याच्या बाजूने, नकोच. तिथे पतंगाचं वेड काय असतं ते सांगायला नको. एका वर्षी डोलकाठी उभी केली आणि शीड अर्ध्यावर अडकलं. उतरवून पाहिलं तर वरच्या कप्पीत नायलॉन मांजाचा गुंता, वाटेत कधी शिरला ते कळलंही नाही. सुरीने कापून काढायला अख्खी सकाळ गेली. आता वरचं टोक आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधतो.

कार्बनची असेल तर?

वरचं सगळं, दुप्पट काळजीने. कार्बन वाकून सांगत नाही, एकदम तडकतो. रुंद टेकू, जाड फोम, आणि लोखंडी कडेचा स्पर्श कुठेही नको.

वाकलेली अ‍ॅल्युमिनियमची काठी सरळ करता येते का? वेल्डिंग?

सौम्य, लांब वाक असेल तर दोन ठोकळ्यांवर ठेवून, सावकाश दाब देऊन काढता येतो. घडी पडली असेल तर नाही. वेल्डिंगला मी नकार देतो, माझंच काम असूनही. हे मिश्रण उष्णतेने कडक केलेलं असतं. टिग वेल्डिंगची आंच लागली की जोडाच्या आजूबाजूचा पट्टा मऊ होतो आणि काठी पुढच्या वाऱ्यात तिथेच मोडते. आतून घट्ट बसणारी नळी सरकवून रिव्हेट मारणं हा खरा उपाय.

पोचलो. आता?

उभी करण्याआधी मान वर करा. धरणाच्या काठावर, शेताच्या बांधावर विजेच्या तारा असतात, आणि गाडीत आडवी असताना निरुपद्रवी असलेली आठ मीटरची धातूची काठी उभी केली की तारेपर्यंत पोचते. अ‍ॅल्युमिनियम काय, कार्बन काय, दोन्हीतून वीज जाते. ओल्या पायांनी बोट ढकलत चार माणसं ती धरून उभी असतात. आम्ही उतरवायच्या जागेपासून पाण्यापर्यंतचा रस्ता आधी मोकळ्या हातांनी चालून येतो, एक जण फक्त वर बघत. तारेखालून बोट न्यावीच लागली तर डोलकाठी आडवीच ठेवतो आणि पलीकडे गेल्यावर उभी करतो. वीस मिनिटं जास्त लागतात, तेवढ्यात कोणीतरी थर्मासमधला चहा काढतो.